एक खूण राखून

३ फेब्रुवारी, मंगळवार

उघडलं एकदाचं खातं! बँकेतलं नव्हे, फोनमधलं. थोडक्यात काहीतरी लिहायचं आणि लोकांनी ते वाचायचं, असा तो प्रकार. लोकांनी का वाचायचं, हे कोणी सांगितलं नाही.

सगळा उपद्व्याप खालच्या केसवालीचा. तळमजल्यावर तिचं केस कापायचं दुकान आहे. केसवाली मी मनात म्हणते, तोंडावर नाही. किती दिवस मागे लागली होती — "काकू, दिवसभर वर एकट्या काय करता हो? लिहा की काहीतरी फोनवर!" म्हटलं, मी रोजनिशी लिहिते. "ती कोण वाचतं?" कोणी नाही. "मग काय उपयोग?"

उपयोग! उपयोगाच्याच गोष्टी करायच्या तर मी तिच्याकडे महिन्याच्या महिन्याला केस कापायला तरी कशाला जाते? माझे वाढतात कुठे?

पण मानेभोवती कापड बांधलं की माणूस तिच्या ताब्यात. कात्री तिच्या हातात, फोनही तिच्याच हातात. "नाव काय टाकू?" खरं नाव देणार नव्हतेच. म्हटलं, टाक — खिडकी क्रमांक चार. ती हसायला लागली. "कसली खिडकी, काकू?"

माझी. मुख्य बसस्थानक, हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय, खिडकी क्रमांक चार. सगळी नोकरी त्या खिडकीच्या आत झाली. आधी कारकून, शेवटी प्रमुख. शहरात कोणीही बसमध्ये काहीही विसरलं की माझ्यापुढे येऊन उभं राहायचं. आता मी कोणापुढे उभी राहत नाही आणि माझ्यापुढेही कोणी राहत नाही. हिशेब बरोबर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिलं — "आज सकाळी हवा बरी आहे." वाचणारे शून्य. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. शून्यच. हवाही बिघडली होती तोवर.

७ फेब्रुवारी, शनिवार

केसवालीला म्हटलं, तुझं ते खातं बंद पडलेलं दिसतंय. तिने फोन घेतला, वरखाली केला आणि कपाळावर हात मारला. "काकू! टॅग कुठाय? टॅग लावल्याशिवाय तुम्ही कोणाला सापडणार?"

मग समजावून सांगितलं. ती दोन आडव्या दोन उभ्या रेघांची खूण करायची आणि तिला चिकटून शब्द लिहायचा. त्या शब्दावर बोट ठेवलं की ज्या ज्या कोणी तो शब्द लावला असेल त्यांचं सगळं एका जागी दिसतं.

म्हणजे चिठ्ठी! मग आधी सांगायचं ना! चिठ्ठ्या बांधण्यातच हयात गेली माझी. जाड पुठ्ठ्याची, भोक पाडलेली, दोरा ओवलेली. वस्तू काय, रंग काय, कुठल्या मार्गाची बस, कुठलं आसन, कुठल्या दिवशी. चिठ्ठी नसलेली वस्तू म्हणजे कचरा. चिठ्ठी बांधली की तीच वस्तू कोणाची तरी होते.

मी म्हणाले, मला शिकवू नकोस. चिठ्ठी मला येते.

धाकटी म्हणायची, "ताई, तू माणसांनाही चिठ्ठ्या बांधतेस." म्हणायची म्हणजे एकदाच म्हणाली. जाताना.

८ फेब्रुवारी, रविवार

#सकाळ असा टॅग लावून पुन्हा हवा लिहिली. बोट ठेवून पाहिलं तर काय — जगातले सगळे सूर्य! डोंगरातले, समुद्रातले, चहाच्या कपामागचे. माझी सकाळ त्यांत कुठे बुडाली, दिसलीच नाही.

चूक माझी नाही. 'सकाळ' ही वर्गवारीच नव्हे. आमच्याकडे 'वस्तू' नावाची फळी ठेवली असती तर? महाविद्यालयात तर्कशास्त्र घेतलं होतं, ते इतक्या वर्षांनी इथे कामाला येतंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात एक कोटाचं बटण सापडलं. त्यावर लिहिलं. टॅग नीट लावले — #बटण #कोट #तपकिरी #चारभोकी #जिना #दुसरामजला #दोरातुटलेला #सापडलं, आणखीही काही. मजकूर एक ओळ, टॅग तीन ओळी.

केसवाली ते वाचून खुर्चीवर बसली. तिची गिऱ्हाईक बाई डोक्याला फेस लावून वाट बघत होती, तीही हसली. "काकू, हे बटण आहे का आरोपी?"

एक लाइक आली मात्र. केसवालीची. माझ्यासमोरच दिली, त्यामुळे धरत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

केसवाली वर आली होती, फोनची तार परत द्यायला. जाताना दाराकडे पाहून म्हणाली, "काकू, वरची कडी लावत नाही तुम्ही? नुसतं कुलूपच? एकटी बाई!" म्हटलं, गंजली आहे.

गंजलेली नाही. लावत नाही, एवढंच. आतून वरची कडी घातली की बाहेरून किल्ली फिरते पण दार उघडत नाही.

आणि किल्ली दोघींकडे आहे. एक माझ्याकडे. एक धाकटी घेऊन गेली, मी परत मागितली नाही.

धाकटीबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता सुरुवात झालीच आहे, तर लिहून टाकते. दोघी बहिणी या घरात कायम एकत्र. ती शाळेत शिवण शिकवायची, मी खिडकीत. मग आमचं हिरवं गजराचं घड्याळ बंद पडलं. घड्याळजी आला. दुसऱ्या गावाहून यायचा, आठवड्यातून एकदा, शहरातल्या दुकानांची कामं घ्यायला. घड्याळ उघडलं, मिटलं, पुन्हा आला. पुन्हा उघडलं. पुन्हा आला. एका घड्याळाला इतक्या फेऱ्या? मला तेव्हाच कळायला हवं होतं! शेवटी म्हणाला, "हे पालथं ठेवलं तरच चालतंय. असंच राहू द्या. वेळ बघायची तेव्हा उचलून बघा." हा कारागीर! धाकटी हसून हसून भिंतीला टेकली. इतकं हसण्यासारखं काय होतं त्यात?

आणि मग लग्न. ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढवून घेतात त्या वयात! तो इथे राहायला आला तर चालेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, या घरात खुर्च्या दोनच आहेत. दोनच होत्या. आजही दोनच आहेत.

ती त्याच्या गावाला गेली. बसने दोन-अडीच तास. तिचा नंबर माझ्याकडे आहे. माझा तिच्याकडे. पण गेली कोण? मग फोन कोणी करायचा?

बास.

१४ फेब्रुवारी, शनिवार

केसवालीची नवी तक्रार. मी अर्धवट लिहिते म्हणे. काल लिहिलं होतं — "बाजारात एका माणसाच्या पिशवीत एक प्राणी पाहिला." "कुठला प्राणी, काकू?" ते मी राखून ठेवलं. "पण का?"

का म्हणजे? आमचा पहिला नियम. चिठ्ठीवर सगळं लिहायचं, एक खूण राखून. काळी छत्री, लाकडी मूठ, अमुक बस — लिहा. पण मुठीला लाल दोरा गुंडाळलेला आहे, हे लिहायचं नाही. ते फक्त खिडकीतल्या माणसाला माहीत. मागायला कोणीही येतं, काळी छत्री कोणीही म्हणतं. लाल दोरा म्हणणारा एकच. त्याला म्हणायचं — खूण पटली. सही घ्यायची आणि वस्तू द्यायची. नवीन आलेल्या प्रत्येक कारकुनाला मी हे पहिल्या दिवशी सांगत असे. धाकटीलाही पाठ होतं. डबा द्यायला खिडकीशी आली की मागच्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडायची, "डबा हरवलाय हो माझा, खूण सांगू का?"

केसवाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू, हेच लिहा ना! बटण सोडा. हे लिहा!"

१५ फेब्रुवारी, रविवार

लिहिलं. खाली टॅग — #एक खूण राखून.

टॅगवर बोट ठेवलं तर भलतीच मंडळी! कोणाचा पहिला नंबर आला, कोणाचं एक वर्षाचं बाळ, कोणत्या तरी संघाचा एक गोल. मधे जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो म्हणे. माझा टॅग नुसता '#एक' झाला होता. एवढ्या मोठ्या जगात नुसतं एक! केसवालीने खालची रेघ कशी मारायची ते दाखवलं. #एक_खूण_राखून. पुन्हा बोट ठेवलं. रिकामं. माझी एकच पोस्ट.

ही फळी माझी. अजून तिथे कोणी पाय ठेवलेला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

"दातांची कवळी. वरची. सात नंबरच्या मार्गावर, मागच्या आसनावर. मागायला दोन गृहस्थ आले. दोघांनी खिडकीशीच घालून पाहिली. तिसरे आले तेव्हा मी ती धुऊन ठेवली होती. त्यांनी घातली नाही, फक्त खूण सांगितली. कोणती? #एक_खूण_राखून"

पाच लाइक! पाचही अनोळखी. एकाने विचारलं, "सोन्याचा दात होता का?" नव्हता. दुसऱ्याने विचारलं, "उंदराने कुरतडली होती?" कसल्या कल्पना करतात लोक!

मी कवळीबद्दल आज सबंध दुपार बोलले. लिहून, पण बोलले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

एक खातं माझ्यामागे लागलं आहे. मागे म्हणजे 'फॉलो'. नाव चांदणी. फोटो नाही, स्वतः काही लिहीत नाही. माझं प्रत्येक लिखाण मात्र आवडून घेते, बटणसुद्धा.

बटण कोणाला आवडेल?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चांदणी पुन्हा. लिहून चहा ठेवते तोवर तिची लाइक हजर.

धाकटीला चांदण्या काढायची सवय होती. उशांच्या अभ्र्यांवर, कोपऱ्यात, निळ्या दोऱ्याने. — याला पुरावा म्हणत नाहीत. मला कळतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पिंजरा लिहिला, आत पक्षी होता तो. एका पायातला बूट लिहिला. लग्नाच्या फोटोंचा संच लिहिला, जो मागायला नवराही आला आणि वेगळी राहणारी बायकोही आली, दोघं एकमेकांना न सांगता. चांदणीला सगळं आवडतं.

आरशात पाहिलं. केस वाढले आहेत म्हणून.

१ मार्च, रविवार

दुधासाठी खाली गेले तर केसवालीने गाठलंच. "काकू, खुशीत दिसताय!" म्हटलं, मला पोटात दुखतंय.

३ मार्च, मंगळवार

ठरवलं. उगाच अंदाज करत बसणं आपल्याला शोभत नाही. खूण विचारायची. लिहिलं —

"गजराचं घड्याळ. हिरवं. घरचंच, हरवलेलं नाही. चालतं, पण एका अटीवर. अट कोणती, ते ज्याला माहीत असेल त्याने सांगावं. #एक_खूण_राखून"

अट जगात तीनच माणसांना माहीत आहे. एक मी.

फोन टेबलावर ठेवला. दुसऱ्या खुर्चीसमोर.

४ मार्च, बुधवार

चांदणीचं उत्तर आलं! पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं —

"अय्या, काच फुटलीये का?"

काच शाबूत आहे.

आणि 'अय्या' धाकटी उभ्या जन्मात म्हणालेली नाही. 'अय्या' कोण म्हणतं, ते मला ठाऊक आहे. रोज जिन्यातून ऐकू येतं.

फोन घेऊन खाली गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ते बरं झालं. फोन तिच्यासमोर धरला. नुसता धरला. तिने वाचलं आणि कंगवा खाली ठेवला.

"काकू, चिडू नका हां..."

चिडलेली नाही. बोल.

"तुम्ही रोज ते शून्य बघायचात आणि तोंड एवढंसं व्हायचं तुमचं. म्हटलं एक खातं काढू. कोणीतरी वाचतंय असं वाटू दे काकूंना. यात वाईट काय होतं?"

म्हटलं, माझं तोंड एवढंच आहे. आणि खोटा मालक उभा करणाऱ्याला आमच्याकडे नोकरीवरून काढत असत.

"मी कुठे तुमच्याकडे नोकरीला आहे?" — डोळ्यांत पाणी होतं, तरी बोललीच.

वर आले. तिला काय माहीत, चांदणीच्या जागी मी कोणाला पाहत होते? तिला नाही माहीत. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. रागावले आहे.

५ मार्च, गुरुवार

फोन कपाटात ठेवला. टॉवेलांखाली.

९ मार्च, सोमवार

वरच्या मजल्यावर सुतार आला होता, त्याला जाताना बोलावलं. वरची कडी कित्येक दिवसांत हललेली नव्हती. आता खरंच गंजली होती, खोटं बोललेलंही खरं होतं कधी कधी. त्याने नवीन बसवली. चार स्क्रू. "आता हत्ती आला तरी दार उघडणार नाही, आजी." आजी कोणाला म्हणतो?

आज कडी घालून झोपणार. एकट्या माणसाने असंच राहायचं असतं. इतके दिवस उघडी ठेवली तो गाढवपणा.

१२ मार्च, गुरुवार

काही नाही.

१५ मार्च, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नळ सोडलेला. दाराशी काहीतरी खुडबुड झाली. हात पुसून जाऊन पाहिलं. कोणी नाही. बेलही वाजली नव्हती. पेपरवाला असेल. पेपर मात्र नव्हता, तो तासाभराने आला.

दुपारी घड्याळ उचलून वेळ पाहिली, पुन्हा पालथं ठेवलं. मी नीट दुरुस्त करून आणू शकते. शहरात दुसरे घड्याळजी काय मेले आहेत?

नाही आणत.

१७ मार्च, मंगळवार

केसवाली दारात. हातात माझा जुना स्वेटर, दुकानात राहिलेला. मान खाली. "हरवलेली वस्तू परत करायला आलेय. खूण सांगा."

म्हटलं, डाव्या कोपराला ठिगळ.

"खूण पटली," म्हणाली, आणि मला हसू आलं. काय करणार! आत घेतलं. चहा दिला. ती धाकटीच्या खुर्चीवर बसली, तिला माहीत नसताना.

मग तिला सांगितलं. खुर्च्या, किल्ली, चांदणी, सगळं. ऐकता ऐकता तिचा चहा तसाच राहिला. शेवटी म्हणाली, "काकू, फोन करा ना सरळ."

म्हटलं, चहा थंड होतोय.

जाताना: "तुमचा टॅग बघितलात का हल्ली? बघा तरी. माझं चांदणी खातं मी पुसलंय, शपथ. पण तुमच्या फळीवर गर्दी झालीये."

१८ मार्च, बुधवार

फोन टॉवेलांखालून काढला.

खरंच गर्दी! मी नसताना. कुठल्या कुठल्या गावची माणसं #एक_खूण_राखून लावून आपापल्या हरवलेल्या वस्तू लिहीत आहेत. एकाची आजोबांची काठी. एका बाईचं पोहायला जायचं धाडस. (ही वस्तू नव्हे. तिला तसं कळवलं. नंतर वाटलं, असू दे.) एकाने नुसतं लिहिलंय — "मित्र. उंच. शिट्टी वाजवायचा. #एक_खूण_राखून." खाली कोणीतरी विचारलंय, "सायकलला घंटी नव्हती म्हणून?" आणि त्याखाली त्या पहिल्याचं उत्तर नाही, फक्त खूप सारी उद्गारचिन्हं.

शिस्त नाही कोणाला. एकाने खूण वरच लिहून टाकली आहे. तरी वाचत बसले. सगळं वाचलं. भाजी करपली.

१९ मार्च, गुरुवार

आधी हे लिहून ठेवते, मग बाकी.

सकाळी फळी उघडली. सगळ्यांत वर एक पोस्ट. खात्याचं नाव 'घड्याळ दुरुस्ती'. जसंच्या तसं उतरवून घेते —

"खिडकी क्रमांक चार यांस. हिरवं घड्याळ आमच्या ओळखीचं आहे. ते पालथं ठेवलं तरच चालतं. खूण पटते का पाहावी. तुमची पोस्ट वाचून गेल्या रविवारी स्वतः आलो होतो. किल्ली फिरली, दार उघडलं नाही. वरची कडी लागली होती. आत नळ वाहत होता, म्हणजे घरात माणूस होतं. बेल वाजवली नाही. स्वतःच्या घराची बेल कोण वाजवतं? जिन्यात थोडं थांबलो आणि परतलो. कडी पूर्वी लावत नव्हतीस. आता लावतेस, हे कळलं. #एक_खूण_राखून"

धाकटी. 'आलो', 'थांबलो' — म्हणजे तोही होता.

इतके दिवस, इतके महिने उघडं ठेवलं. आणि ती आली ती नेमकी कडी घातल्यावर! मी आत. भांडं घासत. एका दाराच्या अंतरावर. ती जिन्यात उभी राहून माझा नळ ऐकत होती.

आणि तिला वाटलंय की कडी तिच्यासाठीच घातली आहे.

फोन लावणार होते. नंबर काढला. मग हिरवं बटण दिसेना. चष्मा डोक्यावर होता. तोवर लक्षात आलं, आवाज रागावल्यासारखा निघेल. माझा निघतोच तसा.

म्हणून तिथेच लिहिलं, तिच्या पोस्टखाली. चारदा लिहून चारदा पुसलं. शेवटी जे येतं ते लिहिलं —

"खूण पटली. कार्यालयाच्या नियमानुसार वस्तू टपालाने पाठवली जात नाही. मालकाने स्वतः येऊन घेऊन जावी. दोघांनी येणे. कडी आज काढण्यात येत आहे. — खि. क्र. चार"

पाठवलं. टॅग लावायला विसरले! आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी न बांधता वस्तू सोडली.

खाली जाऊन केसवालीकडे पेचकस मागितला. "आत्ता तर बसवलीत ना कडी!" तिला फोन दाखवला. तिने वाचलं आणि गिऱ्हाईकाला तसंच अर्ध्या केसांवर सोडून माझ्याआधी जिना चढली. मीच उघडली पण, तिला हात लावू दिला नाही. तीन स्क्रू सुटले. चौथा वाकला. तो पक्कडीने ओढून काढला. दाराला भोकं पडली आहेत. पडू देत.

२० मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. लाइक नाही. दहादा पाहिलं.

केसवाली म्हणाली, "तुमच्याच बहीण ना त्या? मग त्या कशा लगेच उत्तर देतील!"

२१ मार्च, शनिवार

उत्तर नाही.

केसवालीकडे एक जास्तीची खुर्ची आहे. जुनी, पाठ फाटलेली, गोल फिरणारी. ती मागितली. "कशाला, काकू?" बसायला. खुर्चीवर दुसरं काय करतात? दोघींनी मिळून वर आणली. प्रत्येक वळणावर ती आपली आपण फिरायची आणि केसवाली फिदीफिदी हसायची. टेबलाशी लावली. उंच आहे. घड्याळजी ठेंगणा आहे, पाय लटकतील. लटकू देत.

आता खुर्च्या तीन आहेत.

घड्याळ पुसून ठेवलं. पालथं.

उद्या सकाळी नळ सोडणार नाही. भांडी तशीच राहिली तरी चालतील.

२२ मार्च, रविवार

किल्लीनेच उघडलं. बेल न वाजवता.

आज लिहायला सवड नाही. घरात माणसं आहेत.